एकाच वारेच्या दोघी

स्नेहलचं डोहाळजेवण विंचूरला न होता ओझरला, धाकट्या जावेच्या, सिंधुबाईच्या क्वार्टरमध्ये ठरलं, तेव्हापासून मालनबाई धुसफुसत होती. पोटच्या पोरीची ओटी आईच्या दारात भरायची का काकीच्या, हा प्रश्न तिनं एसटीत विंचूरपासून निफाडपर्यंत नवऱ्याला विचारला. गोटीराम खिडकीतून द्राक्षाचे मळे बघत बसला. निफाड मागं पडल्यावर तो म्हणाला, "काकीच्या दारात पंखा हाय." त्यावर ती पिंपळगावपर्यंत बोलली नाही.

सिंधुबाईनं सगळ्यांना एकच कारण सांगितलं होतं. दवाखाना नाशिकचा, महिना सातवा, तपासणीला आलेल्या पोरीला खड्ड्यांतून परत विंचूरला कशाला हिंदकळत न्यायची. खरं कारण तिनं फक्त नवऱ्याला, धम्मपालला सांगितलं, तेही मेथी निवडता निवडता.

"माझं कुणी केलं नव्हतं. करायची वेळच आली नाही. एकदा माझ्या हातानं कुणाचं तरी करू दे."

धम्मपालनं विमानाच्या कारखान्यातून रजा घेतली आणि मंडपवाल्याकडून झोपाळा आणला. दोघा भावांत हा धाकटा. गोटीरामचं नाव ठेवलं तेव्हा आजोबा अजून जुन्या रीतीनं नावं ठेवत होते. धर्मांतरानंतर जन्मला तो धम्मपाल झाला. थोरला विंचूरच्या कांदा मार्केटमध्ये तोलारी करत राहिला, धाकटा आयटीआय करून कारखान्यात लागला. आणि मालनला जुळ्या पोरी झाल्या तेव्हा तीच चिपाडासारखी वाळली होती, दोघींना दूध पुरेना, म्हणून मूल नसलेल्या सिंधूनं त्यातली एक, संजना, ओझरला आणली आणि स्नेहल विंचूरला राहिली. अक्काची, म्हणजे मालनची, तब्येत सुधारेपर्यंत. अक्काची तब्येत सुधारली. संजना बालवाडीत गेली, दहावी झाली, एम.एस्सी. झाली. या घरात त्याबद्दल बोलताना मालनबाई 'नेली' म्हणायची आणि सिंधुबाई 'दिली'. बाकीचे नुसतं 'ओझरला असते' म्हणत.

तर बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लागल्या आणि स्नेहल झोपाळ्यावर बसली. अंगावर फुलांचे दागिने होते. गळ्यात शेवंती, दंडावर गुलाब, केसांत जर्बेराचं एवढं मोठं चक्र. ते सगळं तृप्तीनं केलं होतं. तृप्तीची जानोरीला पॉलिहाऊसमध्ये फुलांची शेती होती. ती आणि संजना नाशिकला इंदिरानगरात एका फ्लॅटमध्ये राहत होत्या, आणि गेली काही वर्षं घरात तिची ओळख 'संजूची मैत्रीण' अशीच होती.

कार्यक्रमाचा ताबा कमळाआत्याकडे होता. ती वणीहून आली होती. गोटीराम आणि धम्मपालची ही थोरली बहीण. दोन्ही भावजयाही तिला मुलांसारखंच आत्या म्हणत. तिनं शेजारणींना गाणी म्हणायला लावली, दोघी भावजयांना उखाणे घ्यायला लावले, आणि मग झाकलेल्या दोन वाट्या स्नेहलपुढं धरल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. स्नेहलनं दोन्ही वाट्या उघडल्या आणि दोन्ही खाल्लं.

"जुळं दिसतंय," आत्या म्हणाली, आणि बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

त्या हसण्याच्या भरातच आत्यानं कमरेचा मोबाइल काढला. "आता हिचं झालं. संजू, इकडं ये. मनमाडचा मुलगा हाय, बँकेत. मी त्याच्या आईला शब्द दिलाय. फोन लावते, तू नुसतं हो म्हण."

"आत्या, फोन ठेव."

"लागला पण."

"आत्या, मला मुलगा नकोय."

"मुलगा आत्ता कोण मागतंय तुला? आधी लग्न तर कर."

"तसा मुलगा नाही. नवरा. मला नवराच नकोय. मी तृप्तीबरोबर राहते ना—"

"राहा की लग्नापर्यंत."

संजनानं तोंड उघडलं आणि त्याच वेळी विमान आलं. कारखान्यातून चाचणीला उडणारी ती विमानं छपरावरून जात तेव्हा भांडी थरथरत. कॉलनीतल्या माणसांना सवय होती. विमान आलं की वाक्य जिथल्या तिथं सोडायचं आणि ते गेलं की तिथूनच उचलायचं. संजना याच कॉलनीत वाढलेली, पण आज ती थांबली नाही. तिचे ओठ हलत राहिले. सगळ्यांनी ते पाहिलं आणि कुणालाच काही ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस? विमानानं खाल्लं."

सगळं धैर्य त्या आवाजात खर्च करून बसलेली संजना पुन्हा म्हणाली, आणि विमान गेलेलं असूनही विमानाएवढ्याच आवाजात म्हणाली, "माझं तृप्तीवर प्रेम आहे. नवरा-बायकोचं असतं तसं."

पंखा फिरत होता. कोपऱ्यात तृप्ती हातात उरलेली फुलं घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. आत्याच्या हातातून मनमाडची बाई "हॅलो, हॅलो" करत होती. आत्यानं फोन कानाला लावला.

"इकडं विमान चाललंय, काय ऐकू येत नाय," असं म्हणून तिनं तो बंद केला.

सिंधुबाईनं शेजारणींच्या हातांत झाकलेली ताटं दिली. त्या इतक्या सावकाश घरी गेल्या की अंगण ओलांडायला त्यांना एवढा वेळ कधी लागला नसेल.

दार लागल्यावर मालनबाईच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आपण काही केलेलं नाही. आपण तर तिथं नव्हतोच. एवढ्या वर्षांत त्या नसण्याचा तिला पहिल्यांदाच उपयोग झाला.

"हे तुझं," ती सिंधूला म्हणाली.

"माझं काय?"

"वाढवलं कुणी? हाफ पँटी घालत होतीस तिला. केस पोरांसारखे कापलेस."

"उवा झाल्या होत्या अक्का. अख्ख्या लाइनीतल्या पोरींचे कापले होते."

"सायकल दिलीस."

"शाळा लांब होती."

"इंग्लिश शाळेत घातलीस."

"तिथं असलं शिकवतात का?"

"मला काय माहीत काय शिकवत्यात. मी कुठं गेलेय."

पुरुष मंडळी बाहेरच्या खोलीतून एकेक करून आत येऊन उभी राहिली होती. धम्मपाल म्हणाला, "वहिनी, कॅरम मी शिकवला." सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. "नाही, सगळंच काढताय म्हणून सांगितलं."

सिंधुबाईचा चेहरा लाल झाला होता. "मी वाढवली हो, पण घडवली कुणी? माझ्या हातात आली ती नाक-डोळे घेऊनच आली. पोळी भाजणारीला म्हणायचं का कणीक अशी का मळली म्हणून? जे असेल ते मुळातलं आहे, अक्का. रक्त तुमचं."

"आमच्यात असलं कुणी नाय."

"थांब मालन," आत्या खुर्ची ओढून बसली. तिला मनापासून रस वाटायला लागला होता. "तुला ह्यांच्या वेळचे डोहाळे आठवत्यात का? तू गोटीरामचा शर्ट घालून फिरायचीस."

"दोन पोरी होत्या पोटात. झंपर बसत नव्हता."

"आन बिडी ओढायची वासना झाली होती तुला."

"वास घ्यायचे नुसता. ओढली नाय."

"एकदा ओढली," गोटीराम म्हणाला. घरात आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला होता.

झोपाळ्यावर स्नेहलला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला, पण पोट हलायला लागलं आणि पोटाबरोबर झोपाळा. संजनानं तिच्याकडं रागानं बघितलं. बघता बघता तिच्याही ओठांचा कोपरा हलला, म्हणून तिनं मान फिरवली.

धम्मपाल हात मागं बांधून येरझाऱ्या घालत होता. "आमच्याकडं पार्टमध्ये काही निघालं की पहिला प्रश्न हाच असतो. ड्रॉइंगमध्येच तसं होतं, का फिटिंगला झालं."

"पप्पा," संजना म्हणाली, "मी बिघडलेले नाही."

तो थांबला. "नाही गं. तसं नव्हतं म्हणायचं. मला दुसऱ्या भाषेत विचार करता येत नाही, एवढंच."

तेवढ्यात जावयानं हात वर केला. राजू लासलगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचा आणि सकाळची शाळा करून थेट आला होता. लग्न झाल्यापासून या घरात त्याला बसायला पाट, टेकायला लोड आणि भरलेलं ताट मिळत आलं होतं, पण त्याचं म्हणणं काय आहे असं कुणी विचारलं नव्हतं. आणि आज तर त्याच्याच विषयातला प्रश्न निघाला होता.

"मी सांगू का? टीव्हीवर दिल्लीच्या कोर्टाचा निकाल दाखवतायत ना या आठवड्यात, तो हाच विषय. यात कुणाची चूक नाही. माणूस डावखुरा असतो, त्याला कुणी शिकवतं का? तसंच. हे जन्मतःच असतं. आईच्या पोटात असतानाच ठरलेलं. वाढवण्याचा काही संबंध नाही."

"थँक्यू दाजी," संजना म्हणाली.

सिंधुबाईच्या जिवात जीव आला. तिनं राजूच्या हातातल्या ताटलीत दोन बर्फ्या ठेवल्या. "शिकलेल्या माणसाचं ऐकावं, अक्का."

मालनबाईनं तोंड फिरवलं. राजूला चेव चढला. तो गुणसूत्रांवर आला. एका पेशीत किती असतात, ती कुठून येतात, ती कशी जुळतात, हे त्यानं हवेत बोटानं काढून दाखवलं.

"मग ह्या दोघी तर एकाच वारेच्या," आत्या म्हणाली.

"एकच वार होती," मालनबाई म्हणाली. "सुईणीनं मला दाखवली होती."

"मग सर, जे हिच्यात ते तिच्यात?"

"अगदी. गुणसूत्रं शंभर टक्के तीच—" राजू म्हणाला, आणि त्याचं बोट हवेतच राहिलं.

सगळ्यांनी स्नेहलकडं बघितलं. ती पाय हलवत झोके घेत होती आणि वाटीच्या तळाचा पेढ्याचा चुरा बोटानं गोळा करत होती.

"काय बघताय?"

"नाही, म्हणजे," राजू म्हणाला, "परिस्थितीचाही भाग असतोच. तो नाकारता येत नाही. वातावरण, संगोपन, शहरातलं जीवन. किंबहुना संगोपनच जास्त."

सिंधुबाईनं त्याच्या ताटलीतल्या दोन्ही बर्फ्या उचलून डब्यात ठेवल्या. मालनबाईनं लगेच त्याच जागी लाडू ठेवला.

"मघाशी तर पोटात ठरतं म्हणत होता," संजना म्हणाली.

"परदेशात जुळ्यांवर अभ्यास झालेत. एक असं असलं तर दुसरं असण्याची शक्यता जास्त असते. पण असेलच असं नाही." हे सांगताना तो बायकोकडं बघत होता. "असेलच असं नाही ना?"

"मला काय विचारता? तुमचं विज्ञान," स्नेहल म्हणाली. तिला आजच्याइतकी मजा लग्नातही आली नव्हती. "आणि आई, संगोपनाचं म्हणशील तर विंचूरला ट्रॅक्टर कोण चालवत होतं? मी. पोरांची डोकी कुणी फोडली? मी. ही सुट्टीत यायची तर मुंग्यांना बघून रडायची. दिवसभर भातुकली आणि बाहुला-बाहुलीचं लग्न. हाफ पँटीनं होत असतं तर माझं व्हायला पाहिजे होतं."

"बाहुला-बाहुलीचं नव्हतं," संजना म्हणाली.

"मग?"

"दोन्ही बाहुल्याच होत्या. बाहुला पप्पांनी दुरुस्तीला नेला होता, तो परत आलाच नाही."

आत्या सावकाश धम्मपालकडं वळली. "म्हणजे हे तुझं."

"बाई, त्याचा हात निखळला होता," धम्मपाल कळवळून म्हणाला. "मी कारखान्यात नेला, बसवून देऊ म्हणून. तिथंच कुठं राहिला."

आता मात्र कुणाला आवरेना. आत्या हसली, सिंधुबाई हसली आणि हसताना डोळे पुसायला लागली. मालनबाईनं 'नाय हसायचं' असं ठरवून ओठ दाबले, तर तिच्या नाकातूनच आवाज आला.

हसणं ओसरल्यावर आत्यानं राजूला विचारलं, "सर, एक सांगा. तुम्हाला आमची स्नेहल आवडली ती कुठनं? रक्तातनं का संस्कारातनं?"

राजूनं प्रामाणिकपणे विचार केला. "एसटीतनं," तो म्हणाला.

संजना झोपाळ्याशेजारी जमिनीवर बसली. तिचा आवाज आता साधा झाला होता. "मला खरंच माहीत नाही कुठून आलं. मी शोधलं. पुस्तकं वाचली. नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंकडेपण जाऊन आले, कुणाला न सांगता. त्यांना विचारलं, हे जन्माचं असतं की वाढण्यातलं. त्या म्हणाल्या, दोन्हीचं थोडं थोडं असेल, अजून कुणाला नक्की सांगता येत नाही. पण तुला कशाला हवंय? मी म्हटलं, घरी सांगावं लागेल. कुणाच्या तरी अंगावर येणार, आणि मला दोन आया आहेत."

त्यावर दोन्ही आया एकदमच रिकाम्या ताटल्या गोळा करायला उठल्या.

गोटीराम मागच्या दारी आला. त्याला माणसांच्या गर्दीत श्वास घ्यायला जमत नसे. नळापाशी तृप्ती बसली होती आणि उरलेल्या फुलांचे देठ कापून बादलीत ठेवत होती. तिची पिशवी भरून शेजारी ठेवलेली होती.

तो दगडावर टेकला. बादलीतलं एक फूल उचलून त्यानं पुन्हा ठेवलं.

"फुलं चांगली हायेत."

"आज पहाटे काढली."

"तुझ्या घरी सांगितलंस?"

"हो. सांगितलं."

"मग? कुणाचं निघालं?"

"काय?"

"आईकडनं का बापाकडनं?"

तृप्तीला हसू आलं. "आमच्याकडे तिथपर्यंत गेलंच नाही, अण्णा. वडील उठले, त्यांनी दार उघडलं. मी बाहेर पडले. त्यांनी दार लावलं."

"काय विचारलंच नाय?"

"नाही. आई आत होती, तीपण आली नाही. नंतर कधी फोन नाही." तिनं एक देठ उगाचच दोनदा कापला. "कुणी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं. तुमच्याकडे काय आवाज चाललाय आत, मला इथपर्यंत ऐकू येतंय."

गोटीरामनं घराकडं बघितलं. आपल्या घरच्या या आवाजापासून तो आयुष्यभर मागच्या दारी पळत आला होता. लग्नात, बारशात, वाटणीच्या वेळी. त्याला तो आवाज म्हणजे घराला लागलेला रोग वाटायचा.

"आमच्यात लय भांडत्यात," तो म्हणाला. आणि आपल्याला हे सांगताना बरं वाटतंय हे त्याच्या लक्षात आलं. "ती पिशवी ठेव तिथंच. जेवण व्हायचंय अजून."

तो आत आला तेव्हा संजना दाराशी चपला घालत होती. खांद्याला बॅग होती. तो बाहेर असताना सिंधुबाई तिला म्हणाली होती, की निदान चार माणसांत तरी बोलायचं नव्हतंस. आणि मालनबाई म्हणाली होती, की आता कॉलनीत सिंधूनं तोंड कसं दाखवायचं. दोघी त्या एका गोष्टीवर एक झाल्या होत्या, आणि संजनाला दोघींचं भांडण त्यापेक्षा परवडलं असतं.

"तुमचं ठरलं की कळवा मला," ती म्हणाली. "मी कुणाची ते."

"जायचं नाही," सिंधुबाई म्हणाली. "उपाशी जायचं नाही घरातून."

"का जायचं नाय?" मालनबाई उठली. "चल पोरी. विंचूरच्या वाइन कारखान्यात कामाला जातीस ना? रोज नाशिकवरनं हेलपाटे घालायची काय गरज? घर हाय तिथं तुझं. तोंड लपवणाऱ्याकडं राहू नको."

सिंधुबाई तिच्याकडं बघतच राहिली. "तोंड लपवणारी कोण? मघापासून माझ्या अंगावर कोण ढकलत होतं?"

"मघाशीचं मघाशी. जन्म मी दिलाय तिला. जे काय हाय ते माझ्या पोटातनं आलंय. तुझ्या हाफ पँटीनं आन सायकलीनं काय होत नसतंय."

"वा. पोटातून आलं आणि मग काय, आपोआप मोठं झालं? गोवर निघाला तेव्हा कोण बसलं होतं उशाशी? शाळेत पहिल्यांदा भाषण करताना रडली तेव्हा पुन्हा स्टेजवर कुणी चढवली?" सिंधुबाईनं बॅगेचा एक बंद धरला. "आज चार माणसांत उभं राहून बोलली ना ती, तेवढी छाती तिला माझ्या घरात आलीय. मी अशीच वाढवलीय तिला. जशी आहे तशी माझी आहे."

"तुझी? बिडी मी ओढलीय," मालनबाई म्हणाली आणि तिनं दुसरा बंद धरला.

"म्हणजे आता दोघीही—" राजूनं सुरुवात केली.

"सर, लाडू खा," धम्मपाल म्हणाला.

संजना मधे उभी होती. एका बाजूनं जन्मदाती ओढत होती, दुसऱ्या बाजूनं वाढवणारी. मघाशी विमानाच्या आवाजाखाली ती जे बोलली होती, त्यातलं निम्मं वाक्य हे होतं की मला हाकलू नका. ते कुणी ऐकलंच नव्हतं. आणि आता या दोघी तिला असं धरून उभ्या होत्या की हलताही येत नव्हतं. तिनं बॅग सोडून दिली. ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता केव्हा रडायला लागली ते तिलाही कळलं नाही.

"मला डोहाळा लागलाय," झोपाळ्यावरून स्नेहल मोठ्यानं म्हणाली.

बॅग ओढणारे दोन्ही हात थांबले.

"काय खायचंय?" दोघींनी एकदमच विचारलं.

"खायचं नाही. बघायचंय. माझ्या पंगतीला संजू आणि तृप्तीला शेजारी शेजारी बसवून वाढलेलं बघायचंय. जोडीनं वाढतात तसं."

"हा कसला डोहाळा?" मालनबाई म्हणाली.

"मला काय माहीत. तुला बिडीचा होता." स्नेहलनं पोटावर हात ठेवला. "पुरवायचा नसेल तर राहू दे. उद्या बाळाचा कान फुटला तर मात्र मला सांगायला येऊ नका."

राजू म्हणणार होता, की कान फुटण्याला शास्त्रीय आधार नाही. त्यानं लाडवाचा घास घेतला आणि तोंड बंद ठेवलं. नंतर स्नेहलनं सांगितलं, की लग्नानंतर तो तिला सगळ्यात जास्त आवडला तो त्या क्षणी.

गोटीराम मागच्या दारी जाऊन तृप्तीला घेऊन आला. तिनं हात धुतले होते तरी बोटांना हिरवा डाग होता. सतरंजी अंथरली. स्नेहल आणि राजू, त्यांच्या समोर संजना आणि तृप्ती. सिंधुबाईनं मसालेभात वाढला. मालनबाईनं पुरणपोळ्या आणल्या आणि तृप्तीच्या ताटाशी येऊन ती क्षणभर थांबली. मग संजनाला दोन वाढल्या तशा तिलाही दोन वाढल्या, पण तिच्याकडं न बघता.

कमळाआत्या तूप वाढत होती. ती तृप्तीला आजच पहिल्यांदा भेटत होती, आणि जेवायला बसलेल्या माणसाचा ठावठिकाणा माहीत नसणं हे तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

"आडनाव काय गं तुझं?"

"गांगुर्डे."

तुपाची धार थांबली. "कुठले गांगुर्डे? माझं सासर गांगुर्ड्यांचंच की."

"आम्ही नाशिक रोडचे. आजोबा मूळचे वणीकडचे."

"आजोबाचं नाव?"

"काळू गांगुर्डे."

आत्यानं तुपाची वाटी खाली ठेवली. "काळूआप्पा? नोटांच्या प्रेसमध्ये लागले ते? अगं, ते तर आमच्या घरधन्याचे सख्खे चुलते. ते वारले आन येणं-जाणं तुटलं. म्हणजे तू बाळूची पोरगी. बाळू माझा दीर. त्याच्या हळदीत मी नाचलेय."

"हिच्या बापानं हिला दार लावलंय," गोटीराम म्हणाला.

"बाळूनं?" आत्याचा आवाज चढला. "मला लावू दे. बघते किती जोरात लावतो. लहानपणी माझ्या हातची भाकरी खायला रात्रंदिवस आमच्या ओट्यावर पडलेला असायचा." ती तृप्तीच्या समोर मांडी घालून बसली आणि तिनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून वर केलं. "नाक त्याचंच हाय. म्हणजे मी तुझी चुलती. आईच्या जागी. आन हे दोघं माझे भाऊ, म्हणजे तुझे मामा."

"हो," तृप्ती म्हणाली.

आत्या बोटांवर नातं मोजत होती. मामा, मामाच्या पोरी. तिनं संजनाकडं बघितलं, मग तृप्तीकडं, मग परत संजनाकडं.

"म्हणजे ही तुझ्या मामाची पोरगी," ती सावकाश म्हणाली. "मामाची पोरगी तर चालती आपल्यात."

"चालती काय," सिंधुबाई म्हणाली, "पहिला हक्क असतो."

धम्मपालनं भिंतीला हात टेकला. राजूच्या नाकात भाताचं शीत गेलं. स्नेहल दोन्ही हातांनी पोट धरून "हसवू नका, हसवू नका" म्हणत होती. संजनानं कपाळ तृप्तीच्या खांद्यावर टेकवलं, आणि तृप्तीला घास गिळताही येईना, हसूही थांबवता येईना.

मालनबाईनं पाण्याचा तांब्या उचलला आणि तिच्या ताटाशी आणून ठेवला.

"घास तोंडात धरून हसू नको गं," ती म्हणाली, "ठसका लागंल."

दिवसभरात ती तृप्तीशी पहिल्यांदाच बोलली होती.